मूसा डोंगराची सहा गावे

वाचकहो, आर्मेनियन माणूस आपल्याला माहीत आहे तो व्यापारी म्हणून. मुंबईच्या कोटात या लोकांनी १७९६ साली आपले चर्च बांधले. त्यामुळे हे सारे लोक पेढीवर बसणारे, असा आपला समज होऊन बसतो. पण खरे पाहता त्यांतले बहुतेक आपल्यासारखेच शेतकरी, आणि तेही डोंगराळ मुलखातले. अशाच सहा गावांची ही हकिकत आहे.

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर, अंताकिया या पुरातन शहराजवळ, मूसा दाग नावाचा डोंगर आहे. मूसा दाग म्हणजे मोझेसचा डोंगर. त्याच्या उतारावर बितियास, हाजी हबिबली, योगुनओलूक, खेदेर बेग, वकीफ आणि कबूसिये ही गावे वसलेली होती. लोक तुतीची झाडे लावीत, रेशमाचे किडे पोशीत, फळबागा राखीत. लाकडाच्या फण्या आणि चमचे कोरण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बोली त्यांची इतकी निराळी, की दुसऱ्या मुलखातल्या आर्मेनियन माणसालाही ती चटकन उमगत नसे.

१९१५ साली पहिले महायुद्ध चालू असता तुर्की सरकारने आर्मेनियन प्रजेला घरादारांतून उठवून वाळवंटाकडे हाकलण्यास सुरुवात केली. त्या वाटेवर लाखो माणसे मेली, मारली गेली. जुलैअखेर हुकूम या सहा गावांतही येऊन थडकला. आता करायचे काय? काहींनी हुकूम मानला आणि ते निघून गेले. त्यांना भ्याड म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. लेकुरवाळ्या माणसाला दोन्हींकडे मरणच दिसत होते. पण चार हजारांवर माणसे शेळ्या-मेंढ्या घेऊन डोंगर चढली.

त्यांच्यापाशी होते काय, बघा. बऱ्या बंदुका शेसव्वाशे, आणि त्यांच्या तिप्पट जुन्या चकमकीच्या बंदुका व पिस्तुले. सुरुवातीलाच पावसाने झोडपले. अंगाखालचे अंथरूण भिजले, पण दारूगोळा त्यांनी कोरडा ठेवला. लष्कराचे हल्ले परतवीत सुमारे दीड महिना ही माणसे वर टिकून राहिली. पुढे भाकरीचा दाणा राहिला नाही. जनावरांच्या मांसावर दिवस निघू लागले.

पाठीशी समुद्र होता. बायकांनी दोन भले मोठे पांढरे झेंडे शिवले. एकावर मोठा तांबडा क्रूस. दुसऱ्यावर दिक्रान आंद्रेआसियान या धर्मोपदेशकाने काळ्या ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिले, की ख्रिस्ती लोक संकटात आहेत, सोडवा. ते झेंडे समुद्राकडच्या अंगाला उंच उभारले. सप्टेंबरात ‘गिशन’ या फ्रेंच युद्धनौकेची नजर तिकडे गेली. मग आणखी जहाजे आली आणि त्यांनी या चार हजारांना इजिप्तमध्ये पोर्ट सैद येथे पोहोचवले. तिथल्या तंबूंच्या छावणीतही लोकांनी फण्या कोरण्याचा धंदा पुन्हा मांडला. हाताची कला तेवढी बरोबर नेता येते, नाही का?

फ्रान्झ वेर्फेलने १९३३ साली या प्रसंगावर कादंबरी लिहिली आणि मूसा दागचे नाव जगभर झाले. पण बहुतेकांची माहिती येथेच थांबते. खरा पेच पुढेच आहे.

१९१९ साली लोक परत आले. पडकी घरे उभी केली, तुती पुन्हा लावली. तेव्हा मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात होता. पण १९३९ साली फ्रेंचांनी तो तुर्कस्तानला देऊन टाकला. ज्यांनी चोवीस वर्षांपूर्वी हाकलले, त्यांच्याच राज्यात राहायचे? बहुतेकांनी गाव सोडले आणि लेबननमधील बेका खोऱ्यात अंजार येथे ते जाऊन राहिले. जागा ओसाड, त्यात हिवताप. पहिल्या काही वर्षांत पुष्कळ माणसे दगावली. तरी वस्ती आखताना त्यांनी सहा भाग पाडले आणि त्यांना जुन्या सहा गावांची नावे दिली.

काही कुटुंबे मात्र हलली नाहीत. त्यांच्यामुळे वकीफ हे एक गाव डोंगरावर राहिले. आज त्याला वकीफली म्हणतात आणि तुर्कस्तानातले ते एकमेव आर्मेनियन खेडे. वस्ती फार थोडी, संत्र्यांच्या बागा. २०२३ च्या भूकंपात तेथील चर्चला आणि घरांना तडाखा बसला.

जे गेले त्यांचे चुकले की जे राहिले त्यांचे, हा वाद मला फोल वाटतो. दोन्ही ठिकाणी सणाच्या आदल्या रात्री मोठमोठ्या हंड्यांत गहू आणि मांस रात्रभर घोटून हरिसा शिजवतात. हैदराबादच्या हलीमची ही सख्खी बहीणच म्हणा. जोडीला ढोल आणि सनईसारखे झुर्ना हे वाद्य. सकाळी साऱ्या गावाला पंगत. फरक एवढाच, की वकीफलीत हे हंडे ऑगस्टात चढतात. तेव्हाच नव्या द्राक्षांना आशीर्वाद दिला जातो. त्याआधी द्राक्षे खायची नाहीत, अशी जुनी रीत. अंजारला ते चढतात सप्टेंबरात, जहाजे आली त्या दिवसांत.