तबकडीची भाषा

अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्रौजर नावाचा गृहस्थ अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करीत असे. टेलिफोन केंद्रातील ऑपरेटर स्त्री आपल्या गिऱ्हाइकांचे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा संशय त्याला आला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ऑपरेटरवाचून जोडणी करणाऱ्या यंत्राचे पेटंट त्याला १८९१ साली मिळाले, आणि १८९२ साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे असे पहिले सार्वजनिक केंद्र सुरू झाले. बोटाने फिरविण्याची तबकडी त्यानंतर काही वर्षांनी आली. भारतात पहिले स्वयंचलित केंद्र १९१३-१४ मध्ये सिमल्यास उभे राहिले. आणि १९६० साली लखनौ व कानपूर या शहरांतील ग्राहक परस्परांचे क्रमांक ऑपरेटरच्या साहाय्यावाचून स्वतःच फिरवू लागले.

या तबकडीची भाषा अगदी साधी आहे. आकडा ओढून बोट सोडले, की ती कमानीच्या जोराने माघारी फिरते आणि फिरताना तारेतील विद्युत्प्रवाह तोडते व जोडते. तीनसाठी तीनदा, नऊसाठी नऊदा, शून्यासाठी दहादा. वेग सेकंदाला सुमारे दहा. केंद्रातील यंत्र हे खंड मोजते आणि त्यावरून क्रमांक ओळखते. १९६३ साली अमेरिकेत बटणांचे फोन आले. त्यांत प्रत्येक आकड्याला दोन सुरांची जोडी मिळाली, आणि पुढे तबकडी मागे पडली.

इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणात आवाजाचे आकड्यांत रूपांतर होऊन त्याचे तुकडे जाळ्यातून धावतात. तिथे तारेचे तुटणे मोजणारे कोणी नाही. तरीही जुना फोन या जाळ्याला जोडता येतो. त्यासाठी मध्ये अ‍ॅडॉप्टर नावाची लहानशी पेटी लागते. फोनला प्रवाह पुरविणे, रिसीव्हर उचलताच सूर ऐकविणे, घंटी वाजविणे ही केंद्राची कामे ती टेबलावर बसून करते. काही अ‍ॅडॉप्टर तबकडीचे खंडही मोजतात. पुष्कळांना मात्र केवळ सूर कळतात. मग खंडांचे सुरांत रूपांतर करणारे आणखी एक उपकरण मध्ये घालावे लागते. जुन्या घंटीला बराच जोर हवा असतो; पेटी दुबळी असली तर घंटी नुसती पुटपुटते.

याहून मोठ्या उणिवा दोन आहेत. तबकडीचे खंड पहिल्या केंद्रापाशीच संपतात, बटणांचे सूर मात्र तारेच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतात. म्हणून "एक दाबा, दोन दाबा" असे सांगणाऱ्या यंत्राला तबकडीवाल्याला उत्तर देता येत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. जुन्या फोनला केंद्रातील बॅटरीतून तारेवाटेच प्रवाह मिळे. घरची वीज गेली तरी तो चालू राही. आगीच्या बंबाला किंवा डॉक्टरला बोलाविण्याची सोय त्यामुळे अंधारातही टिकून असे. नव्या व्यवस्थेत वीज जाताच अ‍ॅडॉप्टर बंद पडतो, आणि त्याबरोबर फोनही मुका होतो.

जुने यंत्र जतन करणाऱ्याने पेटीबरोबर बॅटरीचीही तजवीज करावी, ती याचसाठी. तबकडी, रिसीव्हर आणि घंटी एवढ्याने जुना टेलिफोन पुरा होत नव्हता. संकटाच्या वेळी तो चालेल, ही खात्रीही त्याचाच एक भाग होती.