हळद-पेटंट वाद

हळद-पेटंट वाद : जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर अमेरिकेने दिलेल्या पेटंटावरून १९९५–९७ या काळात झालेला वाद. उघड, सर्वज्ञात गोष्टींवर दिल्या जाणाऱ्या पेटंटांच्या चर्चेत भारतात याचा दाखला आवर्जून दिला जातो.

मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील सुमन दास व हरिहर कोहली या भारतीय वंशाच्या संशोधकांना २८ मार्च १९९५ रोजी पेटंट क्र. ५,४०१,५०४ मिळाले. रुग्णाला पुरेशी हळदपूड देऊन जखम बरी करणे, हा त्यातला मुख्य दावा. पूड पोटातून द्यावी किंवा जखमेवर लावावी, दोन्ही प्रकार त्यात होते. हळदीचे पीक किंवा व्यापार यांवर मात्र हे पेटंट नव्हते. तसा समज पुढे पसरला, तो चुकीचा आहे.

हा उपाय भारतात मात्र नवा नव्हता. हळदीसाठी ओळखला जाणारा वसमत तालुका (तेव्हा परभणी, आता हिंगोली जिल्हा) घ्या. विळा लागला की चिमूटभर हळद दाबायची, वर चिंधी बांधायची आणि पुन्हा कामाला लागायचे, हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही. म्हणूनच ते कुणी लिहूनही ठेवत नाही. तत्कालीन अमेरिकी कायद्यात परदेशातील नुसता वापर पुरावा म्हणून चालत नसे. छापील मजकूर लागे. वादाचे खरे मूळ या तरतुदीत होते, आणि ती अन्यायकारकच म्हणावी लागेल.

मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांसह ३२ संदर्भ सादर झाले. त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने दावे फेटाळले.

लिहून न ठेवलेल्या ज्ञानाचा हाच पेच संगणक क्षेत्रातही आला. एका क्लिकवर खरेदी करण्याच्या पद्धतीचे पेटंट ॲमेझॉनला सप्टेंबर १९९९ मध्ये मिळाले. प्रोग्रामर जे सहज करतात ते शोधनिबंधात किंवा जुन्या पेटंटांत क्वचितच सापडते, आणि परीक्षक शोध घेतो तो प्रामुख्याने तिथेच.

हळदीच्या वादानंतर २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह (टीकेडीएल) उभा राहू लागला. तो ग्रंथांवर आधारलेला असल्याने केवळ तोंडी चालत आलेले उपचार त्यात येत नाहीत. भारतीय पेटंट कायद्याने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे : कलम २५ नुसार स्थानिक समाजात तोंडी असलेले ज्ञानही पेटंटाला विरोध करण्याचा आधार ठरते, आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी असा विरोध कोणीही नोंदवू शकतो.