कोरफड : कुमारी, फडा आणि सबुरी

पंचवटीचे नावच झाडांवरून पडले. तेव्हा इथल्या अंगणांत हल्ली मानाने बसलेल्या एका झुडपाचे नाव उलगडून पाहायला हरकत नसावी. कमी पाण्याची बाग करायची म्हटले की दर्शनी जागी कोरफड येते : पट्ट्यांची, ठिपक्यांची, केशरी तुऱ्याची. पण 'कोरफड' हा शब्द आला कुठून?

आधी 'कोर' घेऊ. काठ या अर्थाची 'कोर' चटकन आठवते आणि पानाच्या काटेरी कडेमुळे पटतेही. शेजारच्या भाषा मात्र दुसरीकडे बोट दाखवतात. गुजरातीत 'कुंवार', हिंदीत 'घीकुंवार', संस्कृतात 'कुमारी', 'घृतकुमारी', 'गृहकन्या'. 'ग्राम'चे 'गाव' आणि 'नाम'चे 'नाव' होताना 'म'चा 'व' झाला. 'लवण'चे 'लोण' होताना 'अव'चा 'ओ' झाला, तोच 'लोणच्या'त टिकला. त्याच चालीने कुमारी, कुंवार, कोर अशी उतरण झालेली दिसते. 'घृत' गराच्या तुपाळ स्पर्शावरून आले असावे. 'कुमारी' का, यावर मात्र वाद घालता येईल. ऐन उन्हाळ्यातही पान चिरले तर आत ओलावा सापडतो. न ओसरणारे हे तारुण्यच नाव देणाऱ्याच्या मनात असावे. वैद्यांनीही ते नाव 'कुमारीआसवा'त जपले.

आता 'फड'. संस्कृतात 'फटा' म्हणजे नागाची फणा. 'घट'चा 'घडा' झाला, पंचवटीतल्या 'वट'चा 'वड' झाला, तसाच 'फटा'चा 'फडा' झाला असावा. 'फडा निवडुंगा'त तोच दिसतो. तो निवडुंग मूळचा अमेरिकेचा, म्हणजे त्याचे हे नाव फार जुने नसणार. कोरफडीच्या पात्यांना तो शब्द त्याआधीच चिकटला असेल का? मला तसे वाटते. उसाचा फड, तमाशाचा फड आणि 'फडणीस'मधला फारसी 'फर्द' ही मंडळी मात्र वेगळ्या घरची असावीत. त्यातच आपल्या नाशिक-धुळे भागातली फड बागायत येते. बंधाऱ्याचे पाणी पाळीपाळीने वाटून घेणारा तो फड आणि पाळीची वाट न पाहणारी ही कोरफड उच्चारापुरतीच जवळ आलेली दिसतात.

अरबीकडे वळले की गंमत वाढते. तिथे 'सब्र' म्हणजे धीर, आणि त्याच स-ब-र धातूच्या रूपांनी कोरफडही ओळखली जाते. वाळवलेल्या रसाला उर्दूत 'मुसब्बर' म्हणतात. आपल्याकडचा काळाबोळ तोच. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने 1836च्या ग्रंथात कैरोतली एक चाल नोंदवली आहे. दारावर टांगलेली कोरफड मातीपाण्यावाचून वर्षानुवर्षे जगते, फुलतेही, म्हणून तिला 'सब्र' म्हणतात, असे तो सांगतो. आपणही दृष्ट लागू नये म्हणून चौकटीला कोरफड बांधतो. दोन्हीकडे ही चाल स्वतंत्रपणे सुचली असेल, किंवा व्यापाराच्या वाटेने आली असेल. अर्थावरून नाव पडले की नुसता ध्वनी जुळला, हेही ठामपणे सांगणे अवघड आहे. शब्द मात्र आपल्या घरातला आहे : नाशिकहून शिर्डीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओठी असलेली 'सबुरी' याच धातूची, फारसीमार्गे आलेली.

शास्त्रीय नावातला 'व्हेरा' म्हणजे लॅटिनमध्ये 'खरी'. हे नाव आज मान्य असलेल्या रूपात आले ते बर्मन यांच्या 1768च्या 'फ्लोरा इंडिका'त. ही 'खरी' कोरफड मूळची अरबस्तानातली मानतात, आणि शोभेच्या पुष्कळ जाती आफ्रिकेतल्या. तिथल्या पट्टेरी जातीला आफ्रिकान्स भाषेत जे नाव आहे, त्याचा अर्थ 'मरूच शकत नाही ती'.

संस्कृताने तारुण्य पाहिले, अरबीने धीर ऐकला, आफ्रिकान्सने अमरपण. देखणेपणावरून नाव ठेवावे असे यांतल्या कुणालाच वाटलेले दिसत नाही. सगळ्यांना तिचा चिवटपणाच आधी जाणवला असावा. बागेत तिला शोभेसाठी लावणाऱ्यानेही हेच ध्यानात धरावे. नाशिकच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते आणि मुळे कुजतात. म्हणून मुरूम-वाळू घालून वाफा उंच करावा. पाण्याचा झारा उचलण्याआधी माती पुरती कोरडी झाली आहे का ते बोटाने पाहावे, आणि नसेल तर सबूर.