प्लेगाच्या साथीतील आपपरभाव

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी ज्या गाठीच्या तापाचे निदान केले, तो काही महिन्यांतच पुण्याच्या पेठांत शिरला, आणि आपल्या जिवास जपावे की दुसऱ्याच्या, हा एरवी नीतिग्रंथांत निमूट पडलेला प्रश्न घरोघरच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. उंदीर पडू लागताच पुष्कळ कुटुंबे चंबूगबाळे आवरून गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत. ह्यास कोणी भित्रेपणा म्हणो, परंतु १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरांवरील पिसवांचा या रोगाशी असलेला संबंध दाखविल्यावर हे स्वसंरक्षणच शास्त्रशुद्ध ठरले.

ज्यांच्या घरी रोगी होता, त्यांचा पेच याहून बिकट होता. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारास अमर्याद अखत्यार मिळाले. रँडसाहेबांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिटीचे गोरे सोजीर घरझडती घेत, रोग्यास इस्पितळात आणि आप्तांस छावणीत नेत, सामानसुमान जाळीत. म्हणून माजघराच्या अंधारात रोगी लपविला जाई. लपविणाऱ्यास स्वार्थी म्हणावे, तर तोच जिवावर उदार होऊन रोग्याच्या उशाशी रात्र जागवीत असे. मात्र भिंतीपलीकडचा शेजारी त्याच्या हिशेबात नसे. सरकारच्या हिशेबात सारे शहर होते, पण त्यातले एकही माणूस नव्हते.

या दोहोंहून निराळी वाट काहींनी धरली. हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी रुग्णालय काढले असता त्यांच्या मातोश्री सावित्रीबाईंनी रोग्यांची शुश्रूषा पत्करली, आणि त्यातच रोगाची बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. टिळकांनी पुणे न सोडता हिंदू प्लेग इस्पितळ उभारले. मुंबईत जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगवरील लस १८९७ च्या १० जानेवारीस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, ज्वर व वेदना सोसल्या, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांस ती दिली.

कमिटीचा हेतूही लोकांस वाचविण्याचाच होता. तथापि हुकुमाने घरे रिकामी करविता येतात, इतबार बसविता येत नाही. परक्याच्या प्रकृतीची चिंता वाहणाऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या देहाचा जामीन मागण्याचा रयतेस हक्क असतो, आणि असा जामीन न देणाऱ्या अंमलदारापासून तिने आपली माणसे लपविली, तर निम्मा दोष अंमलदाराच्या पदरी घालावा लागतो.