विंचवाचे बिऱ्हाड आणि जमिनीचा धनी

अफझलगंजातील एका अडत दुकानाचे मुनीम काही दिवसांपूर्वी आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. शहराबाहेर एका परिचिताच्या खासगी जमिनीवर चाकांवरचे तयार घर आणून ठेवावे, असा त्यांचा बेत होता. जमीन घ्यावयाची नाही, पाया खणावयाचा नाही. उद्या जागा सोडावी लागली तर विंचवाच्या बिऱ्हाडाप्रमाणे घर सोबत न्यावे. आयुष्यभराची शिल्लक ते त्यात घालणार होते. आम्ही एवढेच विचारले, "मुनीमजी, जमिनीचा कागद काय आहे?" ते म्हणाले, "वकीलसाहेब, कागद कशाला? घर तर माझेच राहणार ना!"

या उत्तराने आम्हांस अफझलगंजाचाच इतिहास आठवला. हा गंज पाचवे निजाम अफझलउद्दौला (कारकीर्द १८५७ ते १८६९) यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांस ही जागा दिली. आधी जागेचा हक्क मिळाला आणि मग पेढ्या उभ्या राहिल्या, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुढे २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने या परिसराचा घास घेतला. मृतांची संख्या पंधरा हजारांच्या घरात सांगतात. आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. पुरात भिंती वाहून गेल्या, पण जमीन आणि तिची मालकी जागेवरच राहिली. जागा ज्याची त्याला पुन्हा भिंत घालता येते. दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्याचे मात्र घर आणि ठिकाण दोन्ही जाते. १९१२ साली संस्थानाने आराइश-ए-बल्दा, म्हणजे नगरसुधार मंडळ, स्थापन केले. गरिबांस घरे द्यावयाची तर प्रथम जागा संपादन करावी लागते, हे त्या मंडळाच्या कामावरून दिसून येते. १९६० साली त्याचे काम आंध्र प्रदेश गृहनिर्माण मंडळात विलीन झाले.

घर एकाचे आणि जमीन दुसऱ्याची, ही स्थिती आपल्याकडे नवी नाही. गोव्यातील वाचकांस भाटकार आणि मुंडकार यांचे नाते सांगावयास नको. मुंडकाराचे घर भाटकाराच्या मर्जीवर उभे असे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यास निष्कासनापासून संरक्षण दिले आणि घराखालची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. कलकत्त्यातील ठिका भाडेकरूंसाठी असा कायदा १९४९ सालीच झाला होता. दोन्हीकडे कायद्याने छपराखाली पाहिले, ते उगाच नव्हे.

चाकांच्या घराची अडचण याहून सूक्ष्म आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचे कलम ६० असे सांगते की, केवळ परवानगीने दुसऱ्याच्या जमिनीचा वापर करणाऱ्याची परवानगी मालक मागे घेऊ शकतो. त्यास एक अपवाद असा की, त्या परवानगीवर विसंबून त्याने खर्च करून कायम स्वरूपाचे काम केलेले असावे. आता पाहा, ज्याने दगडविटांचे घर बांधले तो निदान या अपवादाचा आधार मागू शकतो. चाकांवर घर ठेवणारा कोणत्या तोंडाने मागणार? घर हलविता येते, हाच तर त्याचा गुण म्हणून सांगितला गेला. विक्रेत्याने सांगितलेला गुण न्यायालयात दोष ठरतो.

बरे, ते खरोखर हलविता तरी येते काय? अमेरिकेत अशा घरांचा प्रसार फार मोठा आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली एस्कोन्डिडो शहरासंबंधीच्या निकालात नमूद केले की, अशा शंभर घरांतील जेमतेम एखादेच पुढे कधी हलविले जाते. हलविण्याचा खर्च परवडत नाही. म्हणून घरमालक जमीनमालक मागेल ते भाडे देत राहतो. नावाने फिरते, प्रत्यक्षात खिळलेले, असे ते घर होय.

तात्पर्य, स्वस्त घर वाईट असे आमचे म्हणणे नाही. जमिनीचे भाव पाहता मध्यमवर्गीयाने दुसरे करावे तरी काय? परंतु त्याने चाकांची किंमत ठरविण्यापूर्वी जागेचा हक्क ठरवावा. मुनीमजींस आम्ही सांगितले ते असे: तोंडी परवानगीवर विसंबू नका, मुदतीचा भाडेपट्टा करा. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यास नोंदणी लागते, तेव्हा तो नोंदवूनच घ्या. त्यात भाडे, वाट, पाणी, मुदतीअंती घर काढून नेण्याचा अवधी आणि जमीन विकली गेल्यास तुमचे काय, हे स्पष्ट लिहून घ्या. जमीन शेतीची आहे काय आणि तेथे राहण्यास स्थानिक संस्थेची परवानगी मिळेल काय, हेही तपासा.

मुनीमजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "परिचिताजवळ कागद मागायचा म्हणजे संकोच वाटतो." आम्ही म्हणालो, "तुमच्या पेढीवर ओळखीच्या गिऱ्हाईकाचा माल तुम्ही खात्यात लिहिल्यावाचून उतरवून घेता काय?" तेव्हा ते हसले आणि कागदाचा मसुदा करून देण्यास त्यांनी आम्हांस सांगितले.