पट्टा कोणाच्या मालकीचा?

मिक्स्ड मार्शल आर्ट्समधील लढवय्यांच्या मोबदल्याचा विषय निघाला की बहुधा एखाददुसरे मोठे नाव पुढे केले जाते. अमक्याने एका रात्रीत लाखो डॉलर मिळवले, मग अन्याय कसला, असा सवाल होतो. या खेळाचा अमेरिकेतील तीसेक वर्षांचा इतिहास पाहिल्यावर मला वाटते, की खरा वाद कराराचा आहे. विजेतेपदाचा पट्टा कोणाच्या मालकीचा आणि तो कमरेला बांधणाऱ्याला दुसऱ्या आयोजकाकडे जाता येते का, यावर मेहनताना ठरत आला आहे.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ म्हणजे यूएफसीची पहिली स्पर्धा झाली. रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तीन लढती जिंकून ५० हजार डॉलर मिळवले. व्यवहार सरळ होता. पण लवकरच सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराची तुलना कोंबड्यांच्या झुंजीशी केली. त्यावर बंदी यावी म्हणून त्यांनी मोहीम चालवली आणि अनेक राज्यांनी दारे बंद केली.

याच मॅकेन यांनी मुष्टियोद्ध्यांच्या बाजूने मात्र मोठे काम केले. त्यांच्या पुढाकाराने मे २००० मध्ये ‘मुहम्मद अली बॉक्सिंग सुधारणा कायदा’ झाला. लढतीतून आपल्याला किती उत्पन्न होते हे आयोजकाने मुष्टियोद्ध्याला सांगावे, मानांकनाचे निकष उघड असावेत, लढत मिळवण्यासाठी दीर्घ मुदतीचे जाचक करार लादू नयेत, अशी त्याची कलमे आहेत. कायदा झाला तेव्हा मिक्स्ड मार्शल आर्ट्सला पुरती मान्यताही नव्हती. त्यामुळे तिचे लढवय्ये कायद्याबाहेर राहिले. त्यांना आत आणणारी विधेयके पुढे संसदेत मांडली गेली, पण मंजूर झाली नाहीत.

जानेवारी २००१ मध्ये ‘झुफा’ कंपनीने यूएफसी २० लाख डॉलरना विकत घेतली. डबघाईला आलेला हा धंदा नव्या मालकांनी नियम, दूरचित्रवाणी आणि चिकाटी यांच्या बळावर उभा केला, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. सोबत त्यांनी प्रतिस्पर्धीही विकत घेतले : २००७ मध्ये जपानची ‘प्राइड’, २०११ मध्ये ‘स्ट्राइकफोर्स’. लढवय्याला भाव विचारायला दुसरे मोठे दुकान उरले नाही. २०१६ मध्ये हीच यूएफसी सुमारे ४०० कोटी डॉलरना विकली गेली.

करारांची रचनाही पाहण्यासारखी आहे. लढवय्या नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार. लढल्याचे इतके आणि जिंकल्यास आणखी तितकेच, अशी नवोदिताच्या मानधनाची पद्धत. प्रशिक्षक, व्यवस्थापक, सराव यांचा खर्च त्याच पैशांतून. विजेता झाल्यास करार आपोआप लांबतो. लढत नाकारली तर मुदत पुढे ढकलली जाते. म्हणजे भाव वाढण्याच्या क्षणीच बाहेरची वाट अरुंद होते. २०१५ मध्ये रीबॉकचा गणवेश सक्तीचा झाला आणि चड्डीवर स्वतःचे प्रायोजक मिरवण्याची सोयही गेली. त्याबदल्यात नवख्याला लढतीमागे अडीच हजार डॉलर मिळू लागले.

डिसेंबर २०१४ मध्ये कुंग ली, नेट क्वॉरी आणि जॉन फिच हे मक्तेदारीविरोधी कायद्याखाली न्यायालयात गेले. बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल या खेळांत उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा खेळाडूंकडे जातो. यूएफसीत तो पाचव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी, असा त्यांच्या बाजूचा हिशेब. जुलै २०२४ मध्ये साडेतेहतीस कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीश रिचर्ड बुलवेअर यांनी नाकारली. पुढे साडेसदतीस कोटींची तडजोड झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला अंतिम मंजुरी मिळाली. डिसेंबर २०१० ते जून २०१७ या काळात लढलेल्या हजारावर लढवय्यांसाठी हा पैसा आहे. आज लढणाऱ्यांचे करार मात्र या तडजोडीने बदललेले नाहीत. त्यांचा स्वतंत्र दावा २०२१ मध्येच दाखल झाला आहे.

बास्केटबॉल आणि फुटबॉलमधला निम्मा वाटा मालकांच्या औदार्यातून आलेला नाही. खेळाडूंच्या संघटना आणि संघ बदलण्याचे स्वातंत्र्य यांतून तो आला. बेसबॉलमध्ये तर १९७५ च्या लवादाच्या निर्णयाने खेळाडूला संघाशी बांधून ठेवणारे कलम मोडले आणि वेतने चढत गेली. मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये संघ नाही. आज शेजारी सराव करणारा उद्या समोर उभा राहू शकतो. अशा एकांड्या माणसांची संघटना बांधण्याचे प्रयत्न झाले, पण ते टिकले नाहीत.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेत मांडलेले नवे विधेयक म्हणूनच मला महत्त्वाचे वाटते. त्यात मुष्टियोद्ध्यांसाठी किमान मानधन आणि विमा आहे. पण लढती भरवणाऱ्या संस्थेलाच मानांकन आणि पट्टा स्वतःकडे ठेवण्याची मुभाही आहे. म्हणजे अली कायद्याचे संरक्षण मिक्स्ड मार्शल आर्ट्सपर्यंत पोहोचण्याऐवजी तिचीच पद्धत मुष्टियुद्धात येऊ पाहते आहे. किमान रकमेची हमी घेताना दुसरीकडे जाण्याचा हक्क सुटला, तर पुढची वाढ कशाच्या बळावर मागायची, हे लढवय्यांनी सही करण्यापूर्वीच विचारले पाहिजे.