पोपची विहीर

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता युरोपला जाऊन आलो. ही चैन मास्तरकीच्या पगारातली नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मेहुण्यांनी भूमध्य समुद्रातल्या बोटीच्या सफरीची तिकिटे काढली आणि नाही म्हणण्याची माझी छाती झाली नाही. बोट रोमजवळच्या चिवितावेक्या बंदरातून सुटायची होती. त्याआधीचे दोन दिवस मोकळे होते. मंडळी रोमच्या बाजारात रमली, आणि मी पत्नीला घेऊन सकाळच्या आगगाडीने ओर्व्हिएतो गाठले.

मध्य इटलीत डोंगरमाथ्यावरची अशी जुनी गावे पुष्कळ आहेत. खाली शेते आणि द्राक्षमळे, वर कड्याच्या टोकाला एकमेकांना बिलगून बसलेली घरे. ओर्व्हिएतो त्यांतलेच, पण त्याची बैठक निराळी. ज्वालामुखीची राख थिजून झालेल्या मऊ दगडाचे हे पठार चहूबाजूंनी तासल्यासारखे उभे आहे. इत्रुस्कन लोकांचे वेल्झना नगर येथेच होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ. स. पूर्व २६४ मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केले आणि उरल्यासुरल्या माणसांना बोल्सेना सरोवराकाठी नेऊन वसवले.

गड पाहण्याची सवय असलेल्या मराठी माणसाची नजर अशा ठिकाणी आधी तटाकडे जाते आणि मग पाण्याकडे. गडाची जागा निवडताना पाणी आधी पाहावे, हे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावून ठेवले आहे. ओर्व्हिएतोला कडाच तटासारखा; वाण होती ती पाण्याची. इत्रुस्कनांनी दगडात अरुंद, चौकोनी विहिरी खोदल्या. उतरायला भिंतीत पावलापुरत्या खोबणी. पुढे तेराव्या शतकात नळाने पाणी आणले गेले. पण वेढा घालणारा शत्रू पहिला घाव नळावरच घालतो.

आता थोडे माझ्या धड्याविषयी. वीस वर्षे मी मुलांना युरोपातली धर्मसुधारणा शिकवीत आलो. आठवा हेन्री, राणी कॅथरिन, तिच्याशी झालेला विवाह रद्द करण्याची हेन्रीची मागणी, पोपची टाळाटाळ आणि १५३४ मध्ये इंग्लंडचे वेगळे चर्च. फळ्यावर चार ओळी. त्या धड्यातला पोप म्हणजे रोमच्या सिंहासनावर बसलेला एक हेकट म्हातारा, अशीच माझी समजूत होती आणि तीच मी मुलांच्या गळी उतरवली.

वस्तुस्थिती अशी की, ६ मे १५२७ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने, पगार थकलेल्या आणि कोणाला न जुमानणाऱ्या सैन्याने, रोम लुटले. पोप सातवा क्लेमेंट सांत आंजेलोच्या किल्ल्यात अडकला, शरण गेला, कैदेत पडला. डिसेंबरात तो वेष पालटून निसटला तो थेट ओर्व्हिएतोला. (आग्र्याची आठवण मलाही झाली, पण महाराज निसटल्यावर राज्य उभारायला आले, हा लपायला आला. तुलना येथेच सोडावी.) तो तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. मार्च १५२८ मध्ये हेन्रीचे वकील गार्डिनर आणि फॉक्स त्याच्याकडे आले, तेव्हा त्यांना उघड्याबोडक्या दालनांतून जावे लागले आणि छतेही ढासळलेली दिसली. तेथे ते त्याच्याकडे कॅथरिनविरुद्ध निकाल मागत होते. आणि कॅथरिन ही चार्ल्सची सख्खी मावशी! माय मरो पण मावशी जगो, हे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. ज्याच्या सैन्याने रोम जाळले, त्याच्याच मावशीला टाकून द्यायची परवानगी या माणसाने कोणत्या तोंडाने द्यावी?

या भित्र्या माणसाने येथे एक काम मात्र फार शहाणपणाचे केले. अंतोनियो दा सांगाल्लो या स्थापत्यकाराला त्याने विहीर खोदायला सांगितले. ती सुमारे ५३ मीटर, म्हणजे पावणेदोनशे फूट खोल आहे. मधल्या पोकळीभोवती एकमेकांना कोठेही न भेटणारे दोन चक्राकार जिने, प्रत्येकाला २४८ पायऱ्या. रुंद आणि उथळ, कारण त्या खेचरांसाठी. एका जिन्याने रिकामे जनावर उतरायचे, तळच्या पुलावरून पलीकडे व्हायचे आणि भरले पाणी घेऊन दुसऱ्या जिन्याने वर यायचे. वाटेत कोणी कोणाला अडवायचे नाही. उजेडासाठी ७० खिडक्या आतल्या पोकळीकडे उघडतात. आम्ही उतरलो तेव्हा वरचे आकाश एका ताटलीएवढे राहिले होते आणि गार, ओला वारा अंगाला लागत होता. पुलावर उभा राहून मी बराच वेळ खाली पाहिले. वेढ्याच्या भीतीने माणूस किती खोल जातो, ते फळ्यावर लिहिता येत नाही.

“अहो, मग हे पाणी त्याला प्यायला मिळालं का?” पत्नीने विचारले.

नाही. ऑक्टोबर १५२८ मध्ये तो रोमला परतला, १५३४ मध्ये वारला, आणि विहीर पुरी झाली १५३७ मध्ये, पुढच्या पोपच्या कारकीर्दीत.

वर आलो तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. स्टेशनकडे उतरणारी दोराची गाडी जवळच सुटते. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चाले; वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे, म्हणजे तो खाली येताना खालच्याला वर ओढी. हे मी मोठ्या उत्साहाने सांगू लागलो, तोच सौभाग्यवती म्हणाल्या, “ते राहू दे. ती पाण्याची बाटली द्या आधी.”